दारू न पिणाऱ्याचे लिव्हर



या सदरात आपण नेहमी घरच्या आरोग्याविषयी बोलतो. आज माझ्याच घरातली गोष्ट सांगते आहे. सांगावी की नाही याचा महिनाभर विचार केला. शेवटी मुलांचे बाबाच म्हणाले, "लिही तू. माझ्यासारखे आणखी चार जण तोंड लपवून बसले असतील." म्हणून लिहिते.

आमच्या घरचे सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. एका मोठ्या इमारतीवर सिक्युरिटी गार्ड आहेत. बारा तासांची ड्युटी, तीही बहुतेक रात्रीची. आधी ते हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला होते. रोज सायकलने जात, दिवसभर माल उचलत आणि सायकलनेच परत येत. कारखाना बंद पडला आणि खुर्चीवरची नोकरी आली. पगार थोडा कमी झाला, पण अंगमेहनत गेली म्हणून आम्ही समाधान मानले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. माझ्या सासूबाईंनी मुलांना वाढवतानाच पंचशील असे मनावर बिंबवले की पाचवे शील या घरात कोणी मोडले नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या कामाच्या ठिकाणी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. रक्ताचा रिपोर्ट आला. एसजीपीटी ९२, एसजीओटी ६१. ट्रायग्लिसराइड ३८६. सोनोग्राफीत लिहून आले, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. सोनोग्राफी करणाऱ्याने मशीनवरून नजर न उचलता विचारले, "किती वर्षांपासून घेता?" हे म्हणाले, "साहेब, मी थेंबभर घेत नाही." तो नुसता हसला.

घरी आले ते गप्पच. फाइल कपाटावर ठेवून दिली. मी विचारले तेव्हा म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे म्हणते." सासूबाई जागच्या जागी बसल्या. "अरे बाप्पा, काहून? तू तं घेत नाहीस ना!"

आपल्या वस्त्यांमध्ये लिव्हर हा शब्द दारूला चिकटूनच येतो. याचे कारण आपण जाणतो. पिवळे पडलेले डोळे, फुगलेले पोट, रक्ताच्या उलट्या आणि चाळिशीच्या आत उठलेली तिरडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे लिव्हर खराब झाले म्हटले की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निकाल लागलेला असतो.

आता माझी कबुली. बावीस वर्षांच्या संसारात मी या माणसावर कधी संशय घेतला नव्हता. पण त्या आठवड्यात ते ड्युटीवरून आले की मी त्यांचा शर्ट धुवायला उचलायची आणि हळूच नाकाजवळ न्यायची. रात्रीची ड्युटी, सोबत कोण असते काय ठाऊक, असे मनात यायचे. एका सकाळी त्यांनी ते पाहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू बी त्यायच्यासारखीच झाली का?" त्या दिवशी डबा भरताना माझे हात थरथरत होते.

त्याच सुमारास थोरल्या मुलीच्या सोयरिकीचे बोलणे चालू होते. पाहुण्यांच्या कानावर कोणी तरी घातले. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी आडून विचारले, "मुलीचे वडील कसे आहेत, काही नाद वगैरे?" मुलगी आतून फाइल घेऊन आली आणि म्हणाली, "काका, हा रिपोर्ट दारूचा नाही. तुम्हीच वाचा." ते लोक पुन्हा आले नाहीत. मुलगी म्हणाली, बरे झाले. पण तिच्या बाबांनी दोन दिवस जेवण केले नाही.

शेवटी आम्ही दोघे मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनीही दारूचा प्रश्न विचारलाच, कारण तो विचारावाच लागतो. पण उत्तर ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "ठीक आहे, मग आपण दुसरे कारण शोधू." एवढ्या एका वाक्याने माझ्या नवऱ्याची मान वर झाली.

पुढे मी या आजाराविषयी वाचत गेले आणि कळले की आमच्या घरात जे घडले ते जगभर घडून गेले आहे. अमेरिकेत रोचेस्टर नावाच्या शहरात मेयो क्लिनिक म्हणून मोठा दवाखाना आहे. आपल्या नागपूरच्या मेयोचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिथे डॉ. युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली २० रुग्णांची माहिती छापली. या रुग्णांच्या लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता, पण ते दारू पिणारे नव्हते. बरेचसे वजनाने जास्त होते, कित्येकांना मधुमेह होता. तोपर्यंत या आजाराला नावही नव्हते. म्हणजे त्याआधी असे किती रुग्ण खरे बोलूनही खोटे ठरले असतील, याचा विचार करा. लुडविग यांनी दिलेल्या नावात 'अल्कोहोल नसलेला' असा शब्द होता. २०२३ साली जगातल्या लिव्हर तज्ज्ञांच्या संघटनांनी तेही नाव बदलले. आता या आजाराच्या नावात दारूचा उल्लेखच नाही, शरीराच्या चयापचयातील बिघाडाचा आहे. नाव बदलण्यामागे रुग्णाच्या माथी लागणारा कलंक हेही एक कारण होते.

आता रिपोर्टातले शब्द समजून घेऊ. डॉक्टर बाईंनी आम्हाला समजावले ते माझ्या भाषेत सांगते.

लिव्हर, म्हणजे यकृत, हे उजव्या बरगड्यांखालचे सुमारे दीड किलोचे कोठार आहे. आपण जे खातो ते आधी तिथे जाते. शरीराला लागेल तेवढे खर्च होते, उरलेले चरबी होऊन साठते. गोड आणि भात-पोळी-ब्रेड गरजेपेक्षा जास्त आले आणि अंगमेहनत नसली की लिव्हर त्या साखरेची चरबी बनवू लागते. थोडी चरबी स्वतःतच साठवते, तो फॅटी लिव्हर. थोडी रक्तात पाठवते, ती ट्रायग्लिसराइड. म्हणून हे दोन आजार पुष्कळदा जोडीने येतात. माझा समज होता की चरबी म्हणजे तेलातुपाची. आमच्या घरात तर तूप दिसतच नाही! चरबी साखरेचीही होते, हे मला या वयात कळले.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींच्या आत राहणारी एन्झाइम आहेत. एसजीओटी हृदयात आणि स्नायूंतही असते, एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचे. धान्याच्या पोत्याला भोक पडले की दाणे रस्त्यावर सांडतात, तसे पेशीला इजा झाली की ही एन्झाइम रक्तात सांडतात. आकडा वाढला म्हणजे कुठे तरी पोते फाटले आहे. ते दारूने फाटले, चरबीने फाटले, औषधाने फाटले की हिपॅटायटिसच्या विषाणूने, हे आकडा एकटा सांगत नाही. म्हणून हिपॅटायटिस बी आणि सी या दोन तपासण्या करून घ्याव्यातच. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या आजारांची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. उलट बाजूही लक्षात ठेवा. एन्झाइम नॉर्मल आली म्हणजे लिव्हरवर चरबी नाहीच, असेही नसते. हा आजार दुखत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो.

ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या खाली असावे. १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० च्या पुढे फार जास्त. तिथून पुढे, आणि विशेषतः हजाराच्या वर, स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याचा धोका असतो. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ, ती पाठीत जाणारी, सोबत उलट्या, असे झाले तर गॅसची गोळी देत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा. रक्त देण्याआधी नऊ ते बारा तास पाण्याशिवाय काही घेऊ नये. रात्रपाळीच्या माणसाने पहाटेचा चहा पिऊन रक्त दिले तर आकडा खोटा येऊ शकतो.

"पण हे तर बारीकच आहेत," असे मी डॉक्टर बाईंना म्हटले. हातपाय काडीसारखे, वजन ६८ किलो. त्यांनी टेप घेतला आणि कंबर मोजली. ९६ सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात. इंचात साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच मोठे संशोधन आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडचा माणूस दिसतो बारीक, आतून असतो चरबीचा. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपले बाळ वजनाने एवढे कमी, तरी त्याच्या अंगातली चरबी तितकी कमी नव्हती, कमी होते ते मांस. आईचे कुपोषण बाळाच्या शरीरावर असा ठसा ठेवून जाते, असे हे संशोधन सांगते.

हे वाचले तेव्हा मला सासूबाईंचे दिवस आठवले. हे पोटात असताना त्या रोजीने विटा वाहायच्या आणि रात्री उरलेसुरले खायच्या. त्या उपासमारीचा हिशेब सत्तेचाळीस वर्षांनी मुलाच्या लिव्हरवर निघाला असेल, असे कोणाला वाटले असते? म्हणून भगिनींनो, घरातल्या मुलींच्या आणि गरोदर सुनांच्या ताटात डाळ, अंडे, पालेभाजी आधी वाढा. उरले तर द्यायचे, ही रीत आपल्या घरातून जायला हवी.

आता आम्ही काय केले ते सांगते. डॉक्टर बाईंनी आधी लगेच गोळ्या दिल्या नाहीत. साखर तपासली, ती काठावर होती. मग वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांवरून हिशेब करून लिव्हर किती कडक झाले असेल याचा अंदाज काढला. त्या हिशेबाला फिब-फोर म्हणतात. तो १.३ च्या खाली असला तर सहसा काळजीचे नसते. आमचा १.२५ च्या आसपास आला. तुम्हीही डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, फिब-फोर काढता का?" त्याला वेगळी महागडी तपासणी लागत नाही. आकडा जास्त आला तर फायब्रोस्कॅन किंवा मोठ्या दवाखान्यात दाखवणे लागते.

मग बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांत वजन पाच किलो उतरवा." वजन पाच टक्के उतरले तरी लिव्हरवरची चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरू शकते. पण उपाशी राहून झटपट नाही, त्याने लिव्हरला उलट त्रास होतो. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई नको.

आम्ही घरी बसून हिशेब मांडला. रात्रीच्या ड्युटीत पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहातून! वर टोस्ट, बिस्किटे. रात्री बारा वाजता गच्च भाताचा डबा आणि आलूची भाजी. शिवाय सकाळी सुटताना तर्री पोहा.

चहा दोन कपांवर आणला, साखर अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस ते चिडचिडे झाले होते, हे खरे. जेवण ड्युटीवर जाण्याआधी साडेसातला. भात बंद केला नाही. राशनचा तांदूळ घरात येतो, तो टाकून काय देणार? पण दोन वाट्यांची एक वाटी केली आणि सोबत ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडी किंवा पालकाची भाजी. रात्रीच्या डब्यात एक भाकर, चण्याची उसळ आणि उकडलेले अंडे. सावजीचा रस्सा महिन्यातून एकदा, तोही वरची तर्री काढून. संत्रे सोलून खायचे, त्याचा रस काढून साखर घालून नाही. थंड पेयाची बाटली घरात आणायची नाही, एका लहान बाटलीत सहा चमचे साखर असते. तेल पाच जणांना महिन्याला पाच किलो लागायचे, ते तीनवर आले. लोकांना वाटते पथ्य म्हणजे श्रीमंताचे चोचले. आमचा किराण्याचा खर्च उलट कमी झाला.

ड्युटीवर तासाला एक फेरी, लिफ्टने नाही, जिन्याने. सकाळी येताना बसमधून घराच्या बरेच आधी उतरून अर्धा तास झपझप चालणे. आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे असे डॉक्टर सांगतात. दिवसा मी घरात टीव्ही बंद ठेवते, त्यांची झोप पुरी व्हावी म्हणून.

अडचण सणावाराची येते. जयंतीला सरबत आणि बुंदी, बुद्ध पौर्णिमेला खीरदान, लग्नसराईत पंगत. "एवढ्याने काय होते जी, घ्या!" असा आग्रह. तिसऱ्या महिन्यात लग्ने होती आणि ट्रायग्लिसराइड २६४ वर अडकले. हे हताश झाले. मी म्हटले, "३८६ वरून २६४ आले, हेही बघा." आता खीर दोन चमचे घेतात आणि हात जोडतात. माझी विनंती आहे, पथ्याच्या माणसाला आग्रह करू नका. पथ्य पाळणे कमीपणाचे नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. ते निर्व्यसनी होते, तरी शरीराने त्यांना सोडले नाही. त्यांचे औषध आणि पथ्यपाणी डॉ. सविता आंबेडकर सांभाळत असत.

सहा महिन्यांनी वजन ६३ किलो झाले. एसजीपीटी ४६, ट्रायग्लिसराइड १८८, सोनोग्राफीत ग्रेड एक. पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ही सवय आता कायमची. सोडली की चरबी परत येते."

काही सूचना सांगते. लिव्हर साफ करणाऱ्या बाटल्या आणि जडीबुटी कोणी दिल्या तरी घेऊ नका. २०२१ साली मुंबईच्या लिव्हर तज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण ज्याचे लिव्हर आधीच दुखावले आहे त्याने असा धोका का पत्करावा? डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर लिव्हरच्या भीतीने मनानेच बंद करू नका, विचारून करा. डोळे पिवळे, पायावर किंवा पोटात सूज, काळी शौच, रक्ताची उलटी, बोलण्यात भ्रम, यातले काही दिसले तर थांबू नका. तीस वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी, साखर आणि कंबर मोजून घ्यावी. २०२१ पासून फॅटी लिव्हरही सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. आशाताई टेप घेऊन दारात आल्या तर त्यांना हसू नका, कंबर पुढे करा.

आणि जो खरेच दारू घेतो, त्यानेही डॉक्टरांपासून लपवू नये. चरबीच्या लिव्हरवर दारू म्हणजे आगीत तेल. घरच्यांनी त्याला शिव्या देण्याऐवजी दवाखान्यात न्यावे. तोही रुग्णच आहे.

मी माझ्या नवऱ्याची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे. तुले माहीत नव्हतं." पण माहीत नसणे हीच तर आपली मोठी अडचण आहे. कोणाच्या लिव्हरचा रिपोर्ट हाती आला तर आधी त्याचे तोंड हुंगू नका. आधी त्याच्या चहाची साखर मोजा, त्याची कंबर मोजा, आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

जयभीम.